बोरवडीला नेलेलं फडकं

आमच्या चाळीच्या वाचनालयाचं हस्तलिखित निघतं. त्याच्या संपादकांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, गुरुजी, सुट्टीत गावाला जाऊन आलात, तर प्रवासवर्णन द्या. शेतं, झाडं, नदी, असं काहीतरी. आपल्यातल्या निम्म्यांनी गाव पाहिलेलंच नाही. मी हो म्हणालो. मास्तर माणूस लिहायला सहसा नाही म्हणत नाही. तेव्हा शेतं, झाडं, नदी सगळं येईल. पण हा प्रवास सुखाचा नव्हता, आणि तो तसा होता असं लिहायला माझा हात धजत नाही.

वरळी

मागच्या थंडीत आपण सगळ्यांनी बौद्ध धर्म घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बीडीडीच्या एकेका चाळीतून माणसं देव्हारे घेऊन निघाली, ती कोळीवाड्याच्या पलीकडच्या खडकांवर गेली. कुणी फोटो बुडवले, कुणी मूर्ती. मी सर्वांत पुढे होतो. आमच्या घरी फोटो नव्हते. लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेले सात-आठ टाक होते. टाक म्हणजे बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. वडील अवसेला ते राखेनं घासायचे. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हापासून गाठ तशीच होती.

मी गाठ सोडली आणि फडकं पाण्यावर झटकलं. टाक पडले तिकडे पाहिलंसुद्धा नाही. न पाहण्यात मर्दुमकी आहे असं मला तेव्हा वाटत होतं. परत येताना मी पोराटोरांना सांगत होतो की बघा, मागे वळून पाहायचं नाही. फडकं मात्र मजबूत होतं म्हणून घरी आणलं. सुमननं, माझ्या बायकोनं, ते सोड्यात उकळून धुतलं आणि भाकरी बांधायला घेतलं.

एप्रिलात बोरवडीहून आत्याचं कार्ड आलं. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. बालविधवा. माझी आई मी चार महिन्यांचा असताना गेली आणि वडील गिरणीत होते, म्हणून आठ वर्षांचा होईपर्यंत मला आत्यानं वाढवलं. कार्ड कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. लिहिलं होतं की, आता डोळ्यांनी दिसत नाही, वस्तीचे दिवस बरे नाहीत, तू येऊन मला मुंबईला ने. येताना गाठोडं घेऊन ये, म्हणजे मी येईन.

गाठोडं म्हणजे काय ते मी ओळखलं. म्हातारी अजून देवांत अडकली आहे, तिला समजावून सांगावं लागेल, असं मी सुमनला म्हणालो. मनात भाषणही तयार केलं. आत्याला आणायचंच हे दोघांचं ठरलेलं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत चौथं अंथरूण कुठे पडेल हेसुद्धा सुमननं मापून ठेवलं.

आत्याला सुके बोंबील फार आवडतात. वडील दर दिवाळीला न्यायचे. मी कोळीवाड्यात हिरामावशीकडे गेलो. तिच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत असतात, आणि ती गिऱ्हाइकाकडे न बघता जाळं विणत बसलेली असते. तिनं चांगले कडक बघून दोन जुड्या दिल्या. घरी सुमननं त्या बांधायला तेच लाल फडकं घेतलं. मी ते पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटली. देवांच्या फडक्यात बोंबील.

साताऱ्याच्या पुढे

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर शंकर भेटला. हा बोरवडीच्या वरच्या आळीतला, पाटलांच्या भाऊबंदांपैकी, परळला गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आहे. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आम्हा दोघांना एकाच लॉरीत कोंबून नेलं होतं, आणि दोन दिवस आम्ही एका कोठडीत होतो. तिथे पाण्याचा डबा एकच होता. तो आधी त्यानं तोंडाला लावायचा की मी, एवढाच काय तो वाद.

गाडीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर वैशाखातलं माळरान होतं. डोंगर अगदी उघडेबोडके, पण मध्येच एखाद्या घळीत बहावा असा फुललेला की डोळे निवतील. नांगरून टाकलेल्या रानांतली ढेकळं उन्हानं पांढरी पडली होती. एका फाट्यावर बायका पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या. शंकरनं एक द्रोण घेतला, आम्ही दोघांनी त्यातून खाल्लं, बोटं काळी करून घेतली. मुंबईत इतकं खुल्या हवेतलं मैत्र कुठे मिळतं, असं एक वाक्यसुद्धा मी ह्या लेखासाठी मनात जुळवलं होतं.

समोरच्या बाकावर एक म्हातारा शेतकरी होता. मुंबई आपल्याला घावणार का, असं त्यानं विचारलं. शंकर म्हणाला, घावल्याशिवाय राहत नाही, हे गुरुजी आणि मी त्यासाठी आत जाऊन आलोय. म्हाताऱ्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, विडी पुढे केली आणि कोणत्या गावचे, कोणत्या आळीचे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग त्याला खिडकीबाहेर पाहण्यासारखं बरंच काही दिसू लागलं.

बोरवडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. फाट्याला विहीर आहे, पायऱ्यांची, आत जांभळीची सावली. मी पिशवी ठेवून पायऱ्यांकडे निघालो. शंकरनं माझा दंड धरला. हळूच, पण धरला.

"इथं नको, गुरुजी. मी काढून देतो. तुम्ही जरा बाजूला उभे राहा."

त्यानं कळशीभर पाणी आणलं आणि वरून माझ्या ओंजळीत धार धरली. त्याचे डोळे जमिनीकडे होते. मी पाणी नाकारायला हवं होतं. नाकारलं नाही. तहान लागली होती, प्यालो. नंतर कितीतरी वेळ मला स्वतःचीच घृणा वाटत राहिली. तो वरच्या वाटेनं गेला आणि मी ओढ्याच्या वाटेनं खाली वस्तीकडे आलो. ओढ्यात शेवाळावरून पाय घसरून मी आपटलो. एका हातातली पिशवी डोक्यावर धरल्यामुळे फडकं कोरडं राहिलं, मी मात्र कमरेपर्यंत भिजलो.

वस्ती

वस्ती जवळ आली तशी घाण येऊ लागली. नदीकाठी, वस्ती आणि गाव यांच्या बरोबर मध्ये, एक मेलेला बैल पडला होता. पोट फुगून फुटलेलं. गिधाडं बसलेली, कुत्री लांबून त्यांच्याकडे बघत बसलेली.

ते असं झालं होतं. आपल्या वस्तीनं धर्म घेतला आणि मेलेलं जनावर ओढायचं काम सोडलं. गावानं त्यावर खळ्यावरचं धान्य बंद केलं, गायरान बंद केलं, कडब्याची पेंढी देईनात. मग चार दिवसांपूर्वी हा बैल मेला. वस्तीचं म्हणणं, आम्ही हात लावणार नाही. गावाचं म्हणणं, आम्ही कसा लावू, आमच्या बापजाद्यांनी कधी लावलेला नाही. ज्याचा बैल तो रोज संध्याकाळी येऊन लांबून बघून जायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं, असं लोक सांगत. वीस माणसांनी खड्डा खणला असता तर तासाभराचं काम होतं. बैल तिथेच होता. आणि नदी सुंदर होती, हेही लिहायला हवं. वाळूत झिरे खणलेले, पाणी काचेसारखं, खंड्या पक्षी करंजाच्या फांदीवरून सूर मारत होता. श्वास रोखून पाहिलं तर सगळं दिसत होतं.

आत्या दारात बसली होती. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं. तिच्या मागे तिचं सामान बांधून तयार होतं, एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. तिनं माझ्या तोंडावरून, अंगावरून हात फिरवला, भिजलास कुठं म्हणून विचारलं, मग तिचा हात पिशवीवर गेला आणि फडक्याला लागला.

"आनलंस व्हय रं बाबा," ती म्हणाली.

तिनं ते गाठोडं काढून घेतलं, कपाळाला लावलं, मग छातीशी धरलं. तिनं गाठ सोडली. बोंबलाचा वास सुटला. तिनं एक बोंबील चाचपला, बाजूला ठेवला, दुसरा चाचपला. फडक्याच्या तळापर्यंत बोटं फिरवली.

"ह्येच्या खाली हाईत का?"

मी तयार केलेलं भाषण केलं. आज आठवलं की अंगावर काटा येतो. देवांनी आपल्याला काय दिलं, पिढ्यान्‌पिढ्या गुलामी दिली, म्हणून ते समुद्रात टाकले, मागे वळून पाहिलं नाही, सगळं सांगितलं. वर्गात सांगतो तसं मुद्देसूद. आत्यानं पुरतं ऐकून घेतलं.

"द्येव बुडावलंस त्ये ब्येस केलंस," ती म्हणाली. "म्याबी म्हसोबाचा निवद बंद केलाय. पन त्यात तुजी आय हुती."

मला समजलं नाही. तिनं सांगितलं. आई गेली तेव्हा वडिलांनी तिच्या पायातली जोडवी मोडून सोनाराकडून तिचा टाक करून घेतला. घरात कुणी गेलं की असा टाक करून देवांत ठेवायचा, ही आपली जुनी चाल. पुरुषाचा करायचे, बाईचा करायचे. वडिलांना वरळीत खोली मिळाली तेव्हा तो टाक देवांबरोबर मुंबईला गेला. मग वडिलांनी मला कधी सांगितलं कसं नाही? ते कमी बोलायचे, आणि मी कधी विचारलं नाही. अवसेला घासताना एका टाकावर त्यांचा अंगठा जास्त वेळ फिरायचा, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. चांदी काळी पडली असेल, असं मला वाटायचं.

आईचा फोटो नाही. तिचं लुगडं नाही, भांडं नाही. जगात तिची म्हणून एवढी एकच वस्तू होती, आणि मी ती छाती पुढे काढून पाण्यात टाकली.

"तुजी आय द्येव नव्हती रं," आत्या म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. मग उठून चूल पेटवली आणि ते बोंबील भाजले. बाजरीची भाकरी, भाजलेला बोंबील, मिरचीचा खर्डा. मुंबईहून नेलेली चीज तिनं वाया घालवली नाही. मी मात्र भाकरी नुसती कुस्करत बसलो.

नदीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं माझा हात धरला आणि मला नदीकडे नेलं. करंजाच्या बुंध्याला पाठ लावून ती उभी राहिली आणि तिथून पावलं मोजत निघाली. आईला पुरलं ती जागा तिला अशी पाठ आहे. वर धोंडा होता तो कधीच्या काळी पुरानं नेला. आता जागा फक्त तिच्या पावलांत आहे.

मोजत मोजत आम्ही बैलाच्या दिशेनं जात होतो. पंचवीस पावलांवर वास असह्य झाला. तिनं पदर नाकाला लावला आणि आणखी तीन पावलं टाकली. गिधाडं पंख फडफडवून जरा सरकली. मी तिला मागे ओढलं. आईच्या जागेपर्यंत मी जाऊ शकलो नाही. तेही झालं नाही.

करंजाखाली बसून मी तिला विनवलं. म्हटलं, आत्या, चल, इथं तुला पाणी आणायला कोण, धान्य कुठून. सुमननं जागा करून ठेवली आहे. ती म्हणाली की, म्हणूनच तर निघाले होते. आई तिकडं तुझ्या घरात आहे, ही इथली जागा सोडली तरी चालेल, असा विचार करून वळकटी बांधली होती; निघण्याआधी ती एकदा हाताला लागावी, म्हणून गाठोडं मागवलं होतं.

"आता ती तितंबी न्हाई. म्या हितनं उठली तर तिला कोन रं?"

मग तिनंच विचारलं की समुद्र कसा असतो, लगेच खोल असतो का. मी म्हटलं, कडेला नाही, ओहोटीला खडक उघडे पडतात. मग बघ की जाऊन, ती म्हणाली. सापडली तर कार्ड टाक, मी येईन. तिच्या टाकाला काही खूण होती का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. सोनार सगळ्या बायका एकाच ठशावर ठोकतो. डोळे होते तेव्हाही तिला ओळखू आली नसती. माझ्या वडिलांना तेवढी अंगठ्याला कळायची.

तिसऱ्या दिवशी मी एकटा निघालो. ओढ्याजवळच्या धोंड्यावर पाच-सहा पाडाचे आंबे ठेवलेले होते आणि शंकर वीसेक हात लांब उभा होता. तिथूनच म्हणाला, गुरुजी, मुलांना न्या, आमच्या झाडाचे आहेत. परळला भेटू. परळला तो माझ्या गळ्यात हात टाकील, ह्यात शंका नाही. मुंबई मिळाली तर आम्ही दोघे मिळून पेढेही वाटू. आंबे मी धोंड्यावरच ठेवले. घेतले असते तर कदाचित त्याला जरा बरं वाटलं असतं, पण माझ्यात तेवढा मोठेपणा उरला नव्हता.

पुन्हा वरळी

पुढचे आठ दिवस मी रोज ओहोटीला खडकांवर जात होतो. बांगड्यांच्या काचा, नारळाच्या करवंट्या, शेंदराचा एक दगड. कोळणी हसायच्या, मास्तर कालवं काढायला शिकतोय म्हणायच्या. आठव्या दिवशी हिरामावशीनं विचारलं की काय हरवलंय. मी सांगितलं. ती जाळं बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, आत या.

तिच्या देव्हाऱ्यात एक पितळी ताटली होती. तुम्ही सगळ्यांनी देव टाकले त्यानंतर कितीतरी दिवस खडकांच्या कपारीत काही ना काही मिळत होतं, ती सांगत होती. समुद्रानं परत दिलेलं पुन्हा कसं टाकायचं, म्हणून तिच्या सासूनं उचलून आणलं. रोज हळदकुंकू लावतात. ताटलीत नऊ-दहा टाक होते. घोड्यावरचे, तलवारीचे, मी बाजूला केले. तीन बायकांचे राहिले. दोन हात, पदर, कपाळाला टिकली. हातात शस्त्र नाही, पायाशी वाहन नाही. म्हणजे ह्या देवी नव्हत्या. कुणाच्या तरी घरातल्या बायका होत्या.

आपल्यातल्या कुणाकडे अजून गाठोडं राहिलं असेल, तर बुडवाच. मी माझ्या शब्दापासून हललेलो नाही. पण आधी गाठ सोडा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकेक टाक हातात देऊन विचारा की हा कोण.

मी तिन्ही टाक तळहातावर घेतले. वडिलांसारखा एकेकीवरून अंगठा फिरवला. तिघींचे चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. म्हणजे तिघींना कुणीतरी घासत होतं, तिघींवर कुणाचा तरी अंगठा फिरत होता. माझ्या अंगठ्याला काहीच कळलं नाही. कुठलाही एक खिशात घातला असता तरी आत्याला काय समजणार होतं? ती वळकटी उचलून आली असती. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, ते लपवत नाही. पण मग तिला मुंबईत दुसऱ्याच कुणाच्या आईशेजारी बसवायचं, आणि रोज संध्याकाळी ते बघायचं.

"यातली तुमची कंची, मास्तर?" हिरामावशीनं विचारलं. "तोंड वलखीत नाय का?"

"मी तिला पाहिलेलं नाही," मी म्हणालो.

तिनं टाक माझ्या हातातून घेतले, पुसून पुन्हा ताटलीत ठेवले आणि आईचं नाव विचारलं. मी चंद्रा म्हणून सांगितलं. तिनं कुंकवात बोट बुडवून तिघींना लावलं आणि तीन वेळा चंद्रा म्हटलं. मी हात जोडले नाहीत. नुसता उभा राहिलो. मग चपला घालून घरी आलो आणि आत्याला कार्ड लिहिलं. मास्तर माणूस असून चार ओळींच्या वर जमलं नाही. शेवटची ओळ अशी होती: आई बहुतेक सापडली आहे, पण मला ती ओळखता आली नाही, तेव्हा तू येऊ नकोस.